देवणीची जोडी आणि आपलं केंद्र

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर, थोडा आवरून)



श्रावणी अमावास्येला पोळा होतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी गणपती बसतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पोळ्याची मातीची बैलजोडी अजून देवघरातच असते, तेवढ्यात तिच्या शेजारी गणपतीचा पाट मांडला जातो. शहरात आलेल्या घरांत बैल उरला तो एवढाच, मुठीत मावणारा. म्हणून या विषयावर बोलायला हेच दिवस बरे असं कार्यकारिणीला वाटलं असावं.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. बैलाची, बैलाच्या कामाची आणि बैलाच्या सणांची आठवण राहील असं एक केंद्र आपण उभं करावं, असं मंडळातल्या काहींनी सुचवलं आहे. कुणी जागा बघतो म्हणालं, कुणी वाड्यातली जुनी तिफण देतो म्हणालं. वस्तूंची एक वही झाली आहे. त्या वहीत आतापर्यंत घुंगुरमाळा, पितळी शेंब्या, झुली, एक दमणी आणि बरेचसे फोटो आहेत. बैल मात्र एकही नाही. मी जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात काम केलेला माणूस, त्यामुळे माझं लक्ष आधी तिथेच गेलं.

आपल्यातल्या एका कुटुंबाचा मुलगा अमेरिकेत असतो. केंद्राची गोष्ट कानावर गेल्यावर त्यानं तिकडच्या एका संग्रहालयाची माहिती पाठवली. कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी रोडिओचं सन्मान-दालन आहे, १९७९ साली उघडलेलं. रोडिओ म्हणजे बिथरलेल्या घोड्यावर किंवा बैलावर आठ सेकंद टिकून राहायचं, पळत्या वासराला दोरीच्या फासात धरायचं, असे खेळ. शब्द मूळचा स्पॅनिश, गुरांना वेढा घालून एकत्र आणणं अशा अर्थाचा. म्हणजे तो आधी गुराख्यांचा रोजचा उद्योग होता. पुढे रानांना काटेरी तारा आल्या, रेल्वे आली, गुरं हाकत नेण्याचं काम संपत गेलं आणि कामाचा खेळ झाला. खेळाला तिकीट लागलं, मग त्याचं दालन झालं.

त्या दालनातल्या दोन गोष्टी मला आवडल्या. एक म्हणजे तिथे माणसांबरोबर जनावरांचाही सन्मान होतो. बोडेशस नावाचा एक बैल होता, त्याच्या पाठीवर बसायला भले भले स्वार कचरत. १९९९ साली त्याचं नाव त्या दालनात लागलं. दुसरी गोष्ट अशी की तिकडच्या लोकांना हिशेब उशिरा का होईना पण चुकता करावा लागला. बैलाची शिंगं धरून त्याला लोळवण्याचा जो खेळ रोडिओत आहे, तो बिल पिकेट नावाच्या एका कृष्णवर्णीय गुराख्यानं रूढ केला. त्या काळी कित्येक ठिकाणी काळ्या माणसाला गोऱ्यांच्या स्पर्धेत उतरता येत नसे. पिकेट १९३२ साली वारला. ओक्लाहोमा सिटीच्या काउबॉय सन्मान-दालनात त्याचं नाव लागायला १९७१ साल उजाडलं. हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडचे पिकेट कोण, याकडे मी नंतर येणार आहे.

आता आपलं काय? पश्चिम महाराष्ट्रात बैलाचा वारसा म्हटला की शर्यत डोळ्यांपुढे येते. तो खिलारचा मुलूख. खिलार चपळ, ताठ, डोळ्यांत अंगार. आपल्याकडचा बैल तसा नाही. आपला देवणी. नाव लातूर जिल्ह्यातल्या देवणी गावावरून पडलेलं, पण जात बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, कलबुर्गी, उदगीर, निलंगा या सगळ्या पट्ट्यातली. कपाळ रुंद आणि पुढे आलेलं, कान लोंबते, चाल दमदार. गीरचं रक्त त्यात आहे असं जाणकार सांगतात, आणि कान-कपाळ पाहिलं की पटतं. रंगावरून तीन प्रकार. अंग पांढरं आणि तोंडावर दोन्ही बाजूंना काळं, तो वानेरा. सगळा पांढरा तो बालंक्या. पांढऱ्यावर काळे वेडेवाकडे ठिपके, तो शेवरा. देवणी गाय एका वेताला ८०० ते ९०० किलोच्या आसपास दूध देते आणि तिचा गोऱ्हा काळ्या रानात भर दुपारी वखर ओढतो. दूध आणि काम दोन्ही देणाऱ्या जाती देशात मोजक्याच आहेत. थोडक्यात, आपला वारसा पळण्याचा कमी आणि ओढण्याचा जास्त. शर्यतीचा घाट बांधून आपण दुसऱ्याची नक्कल करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या जातीचं घर एकच होतं, त्यावर रेघ नंतर आली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर आणि भालकी हे तालुके एकाच बीदर जिल्ह्यात होते, हैदराबाद राज्यात. भाषावार रचना झाली तेव्हा पहिले तीन मुंबई राज्यात उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि भालकी, बीदर, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे आले. १९८२ साली तिकडे लातूर जिल्हा झाला. माणसांची काय ओढाताण झाली ती या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको, आणि त्या प्रश्नावर आज बोलायचंही नाही. बैलाचं मात्र सांगतो. बाजार तिकडचा, वळू इकडचा, वैरण कुठलीही, असं चालत आलेलं होतं आणि ते पुष्कळ दिवस तसंच चाललं. आजची परिस्थिती पाहा. बीदरला कर्नाटकाचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे आणि उदगीरला महाराष्ट्राचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. देवणीचं घर मधोमध आणि दोन्ही उंबऱ्यांवर एकेक डॉक्टर, असं भाग्य फारशा जातींच्या वाट्याला आलेलं नाही. आपल्या केंद्राला सल्ला हवा असेल तर या दोन दारांवर जायला गाडीखर्चाशिवाय काही लागणार नाही.

एक शंका मला बैठकीच्या आधीच कानात सांगितली गेली. आपलं मराठी मंडळ, आपण कर्नाटकात, आपण बैलाचं केंद्र काढलं तर लोक त्याला मराठी केंद्र म्हणतील. म्हणोत बापडे, पण मुळात ते तसं करताच येणार नाही, कारण बैलाचं पंचांग इथे दुहेरी आहे. ज्येष्ठी पौर्णिमेला आपल्या शेजारच्या कन्नड घरांत कार हुण्णवी होते. पेरणीच्या तोंडाशी बैल धुतात, रंगवतात, आणि गावाच्या वेशीत आडव्या बांधलेल्या पानांच्या तोरणाखालून त्यांना पळवतात. त्याला करी तोडणं म्हणतात. कोणत्या रंगाचा बैल पुढे येतो त्यावरून यंदा कोणतं पीक साधेल याचा अंदाज बांधतात. आपला पोळा पेरण्या-कोळपण्या उरकल्यावर, श्रावणाच्या शेवटी. आदल्या दिवशी खांदेमळणी, हळद-तुपानं खांदा चोळायचा, दुसऱ्या दिवशी जेवणाचं आवतण द्यायचं, मग मारुतीला फेरी आणि बैलांचं लग्न. कार हुण्णवी कामाला जुंपण्याआधीची, पोळा काम झाल्यावरचा. भालकीकडच्या कित्येक घरांत दोन्ही होतात आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. त्यात अक्षय्य तृतीयेची बसवजयंती धरा. बसव हा शब्दच वृषभावरून आलेला. ज्या जिल्ह्यात बसवकल्याण आहे, तिथे बैलावर एका भाषेचा हक्क कोण सांगणार? पाट्या कन्नड आणि मराठीत लागल्या पाहिजेत, आणि मी म्हणेन उर्दूतही. गुरांच्या बाजारातली बोली दख्खनी होती.

या बाजाराबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण ही गोष्ट झपाट्यानं जाते आहे. हाळी-हंडरगुळीचा बाजार, माळेगावची खंडोबाची यात्रा ही नावं तुमच्या घरांत निघत असतील. माळेगावला मार्गशीर्षात घोडे, गाढवं, उंट, गुरं सगळंच येतं, आणि देवणी व लाल कंधारीची प्रदर्शनंही भरतात. बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात हातात घेतात आणि वर रुमाल टाकतात. रुमालाखाली बोटं बोलतात. किती बोटं दाबली, कोणतं पेर धरलं, त्यावर हजार आणि शेकडे ठरतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. सौदा फिसकटला तरी कुणाची शोभा होत नाही. ही बोटांची भाषा कुणीतरी एकदा नीट लिहून, चित्रित करून ठेवली पाहिजे. जुने दलाल मोबाइलवर भाव सांगू लागले आहेत.

दात बघण्याचंही तसंच. बैलाचा खालचा ओठ उघडून तो दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे, हे पाहायचं. पुढे चार पावलं चालवून खूर कसा पडतो ते पाहायचं. शेपूट ओढायची, खांद्यावर हात दाबून बैल दचकतो का पाहायचं, म्हणजे खांदा आलेला असेल तर कळतं. आम्ही हे महाविद्यालयात शिकलो. पण दवाखान्यात येणारे काही अडाणी म्हातारे ते आमच्यापेक्षा लवकर ओळखत.

हे म्हातारे कोण होते? आपण ज्यांना मालक म्हणतो ते क्वचित. बहुतेक वेळा ते सालगडी असत. पाडव्याला साल ठरायचं ते पुढच्या पाडव्यापर्यंत. जोडीला पहाटे वैरण तोच टाकायचा, रात्री गोठ्यात तोच निजायचा, बैल आजारी पडला की दवाखान्यात तोच घेऊन यायचा. पोळ्याला मानाचा बैल पुढे निघे तेव्हा नाव मालकाचं पुकारलं जाई आणि कासरा गड्याच्या हातात असे. सुतार, लोहार, नाल ठोकणारा नालबंद, चामड्याचे पट्टे शिवणारा चर्मकार, दावी वळणारा, गोऱ्ह्याला वेसण घालणारा, ही सगळी त्या एका जोडीमागची माणसं. आपल्या वहीत झुली आहेत त्या आपल्या आजोबांच्या नावानं आहेत. झूल शिवली कुणी, ते लिहिलेलं नाही. मी मघाशी बिल पिकेटचं नाव घेतलं ते यासाठी. त्याच्यासारखी चाळीस वर्षं आपण लावू नयेत. प्रत्येक वस्तूच्या पाटीवर देणाऱ्याचं नाव असेल तर त्याच्या वर करणाऱ्याचं नाव असलं पाहिजे, आणि ते माहीत नसेल तर त्या घरी जाऊन विचारून आलं पाहिजे. त्या वस्त्यांतली माणसं समितीत असली पाहिजेत. पाहुणे म्हणून बोलावून नारळ देणं वेगळं.

काय दाखवता येईल याचं एकच उदाहरण देतो. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवणं. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या आळ्यात ती लाल होईपर्यंत तापवली की फुगते. मग सांडशांनी उचलून चाकावर घालायची, घणाचे ठोके देत बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, लाकूड कुरकुरतं, धाव आक्रसते आणि सगळे आरे जागच्या जागी घट्ट होतात. पाऊण तासाचं काम. आपल्या नातवंडांना हे एकदा दाखवा, नंतर काचेच्या कपाटातलं चाक ती वेगळ्या डोळ्यांनी बघतील. हे करू शकणारी माणसं आपल्या भागात अजून आहेत, पण सगळी साठीच्या पुढची.

आता जरा कडू विषय. केंद्रात शर्यतींचं काय, असं तरुण मंडळी विचारतात. २०११ साली केंद्र सरकारनं बैलाचा समावेश प्रदर्शनासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. मग २०१७ मध्ये तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्रानं आपापले कायदे दुरुस्त केले. महाराष्ट्रात शर्यती पुन्हा सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ चा आदेश लागला, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. शर्यतवाल्यांनी गुलाल उधळला. पण बंदी आली होती ती काही उगाच नव्हती. शेपटी पिरगाळणं, टोचणं, विजेचे झटके, दारू पाजणं, हे सगळं न्यायालयापुढे आलं होतं, आणि त्यांतल्या काही खुणा मी टेबलावर पाहिल्या आहेत. आज परवानगी आहे ती अटींवर आहे. आपल्या केंद्रात ही हकीकत एका भिंतीवर पूर्ण असावी, दोन्ही बाजूंची. बैलाचं कौतुक करणाऱ्या घरात पराणीच्या टोकाला बसवलेली आरही दिसली पाहिजे.

जाता जाता एक डॉक्टरी सूचना. पोळ्याला शिंगं साळून त्यांवर तैलरंग फासू नका. बैलांना शिंगाचा कर्करोग होतो, आपल्याकडे तो बराच दिसतो, आणि त्यामागे शिंगं तासण्या-रंगवण्याचा हात असावा असा संशय जुनाच आहे. गेरू-हिंगूळ लावा, शोभाच येते.

बैल गेला कशानं? ट्रॅक्टरनं, हे सगळे सांगतात. ते खरं आहे, पण पुरतं नाही. आपल्या भागात खरिपाची ज्वारी गेली आणि सोयाबीन आलं. ज्वारीबरोबर कडबा होता. सोयाबीनच्या भुसकटावर जोडी पोसत नाही. मग २०१५-१६ चा दुष्काळ आला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष. ज्यांनी तेव्हा जोडी विकली त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पुन्हा घेतली. म्हणून केंद्राचा खर्च मांडताना मी भिंतींच्या आधी वैरण मांडली. ५०० ते ६०० किलोच्या बैलाला रोज वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास कोरडा चारा लागतो, म्हणजे १२ ते १५ किलो. जोडीला २५ ते ३० किलो. वर्षाला ९ ते ११ टन. शिवाय पेंड, मीठ, औषध आणि एका माणसाचा पगार. हा आकडा ऐकून सभागृह जरा शांत झालं, ते मला दिसतं आहे.

इमारतीचं आधी करू, बैलाचं मग बघू, असं म्हणणाऱ्यांसाठी गोळेश्वरची गोष्ट. कराडजवळच्या या गावचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. खाशाबा कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडच्या स्टेशनावरून गावापर्यंत त्यांची मिरवणूक निघाली ती शंभरावर बैलगाड्यांची. म्हणजे लोकांना जे करायचं होतं ते लोकांनी ताबडतोब केलं. पुढे गावात त्यांच्या नावानं कुस्तीचं केंद्र व्हावं असं ठरलं, सरकारी घोषणा झाल्या, आणि २०१७ साली घरच्यांना जाहीर करावं लागलं की आता अकादमीसाठी पदकच लिलावात काढतो. घोषणेची वाट पाहण्यात काय होतं ते यात आलं.

म्हणून माझं म्हणणं असं. या वर्षी इमारत नको. पत्र्याचा एक गोठा, एक देवणी जोडी, एक गाडी, एक तिफण आणि आठवड्यातून एक दिवस शाळेची मुलं. जोडी रिकामी उभी ठेवायची नाही, तिला आसपासच्या शेतांत कोळपणीला द्यायची. तूर आणि हरभऱ्याच्या रानात कोळपं अजून बैलाचंच सरस चालतं, हे शेतकरी मान्य करतात. त्यातून वैरणीचा काही भाग सुटेल. सगळा सुटणार नाही, उरलेला आपल्या वर्गणीतून. दोन पावसाळे हे नीट चाललं तर मग आराखडा, शासन, देणगीदार सगळं पाहू. नाही चाललं तर एका शेडचं नुकसान, आणि जोडी चांगल्या घरी जाईल.

आता कामाचं. वही आज मंडपाच्या दाराशी ठेवली आहे. वस्तू देणाऱ्यांनी नाव लिहावंच, पण शेजारचा रकाना आज नवा आखला आहे, ‘केली कुणी’ म्हणून. तो घरी विचारून भरा. भालकीच्या बाजूला ज्यांची शेती आहे त्यांनी पुढच्या रविवारी माझ्याबरोबर चलावं. एका सुताराकडे जायचं आहे. चाकाचं लाकूड त्याच्याकडे आहे, लोहार शेजारच्या गावचा आहे, गोवऱ्या मात्र आपल्याला न्याव्या लागतील.